ठाण्यातून बोलावणं आलं तर

१९९१ साली आमच्या बाबांनी पोलीस ठाण्याच्या फाटकाबाहेर दोन रात्री काढल्या. हातात पितळी डबा, डब्यात भाकरी आणि झुणका. गावात एक बैलजोडी चोरीला गेली होती. शिपाई घरी आला तेव्हा माझा मोठा भाऊ जेवायला बसला होता. "साहेबानं बोलावलं हाये, पाच मिन्टाचं काम हाये," एवढंच तो शिपाई म्हणाला. भाऊ ताटावरून उठून गेला आणि आम्हाला तिसऱ्या दिवशी दुपारी कोर्टात दिसला. अटकेच्या कागदावर वेळ होती त्याच दिवशी सकाळी आठची. चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे उभं करायचं, हा नियम कागदावर तंतोतंत पाळला होता. आधीच्या दोन रात्रींची नोंद मात्र कुठेच नव्हती. पुढे दोन महिन्यांनी बैल दुसऱ्याच माणसाकडे सापडले.

मी त्यानंतर वकील झाले. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात अठ्ठावीस वर्षं उभी राहते आहे. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं याच एका प्रश्नाशी अडकलेली असतात: बोलावणं आलंय, आता काय करू? मी त्यांना जे सांगते, ते इथे लिहून ठेवते. सगळ्याचं मूळ एकच आहे. तोंडी बोलावणं आणि कागदावरची अटक यांच्या मधल्या, कुठेही न लिहिलेल्या तासांत माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. तेव्हा ते तास लिहिले जातील अशी व्यवस्था करायची, पोलिसांनी केली नाही तर आपण करायची.

पहिला प्रश्न विचारायचा तो हा: मला साक्षीदार म्हणून बोलावलंय की आरोपी म्हणून? यावर सगळं ठरतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. कलमांचे आकडे बदलले, गाभा बराचसा तोच आहे. साक्षीदाराला बोलावणं कलम १७९ खाली येतं, आणि ते लेखी असावं लागतं. त्याच ठाण्याच्या किंवा शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्यालाच असं बोलावता येतं. ज्याच्यावर संशय आहे पण लगेच अटकेची गरज नाही, त्याला कलम ३५(३) ची नोटीस मिळते. जुने पोलीस अजून तिला "एक्केचाळीस-अ" म्हणतात. तुम्हालाही तसंच ऐकू येईल, गोंधळू नका.

नोटिशीवर पाच गोष्टी बघा: गुन्हा रजिस्टर नंबर (पोलिसांच्या भाषेत गुरनं), कलमं, हजर राहायची तारीख-वेळ, अधिकाऱ्याचं नाव, आणि सही-शिक्का. व्हॉट्सॲपवर ३५ ची नोटीस आली तर ती कायदेशीर बजावणी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत हे स्पष्ट सांगितलं आहे. तरी ती पुसून टाकू नका. स्क्रीनशॉट ठेवा, आणि प्रत्यक्ष प्रत द्या असं लेखी कळवा.

आता घरी शिपाई आला आणि हातात कागद नाही, असंच बहुतेक वेळा होतं. तेव्हा वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही. त्याला बसायला सांगा, पाणी द्या. तोही कोणाच्या तरी हुकमाने उन्हातून आलेला असतो. मग शांतपणे त्याचं नाव आणि बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक) विचारा, आणि त्याच्यासमोरच वहीत लिहा. वेळही लिहा. आणि असं म्हणा: "मी येतो, सहकार्य करतो, फक्त लेखी द्या." जास्त काही बोलू नका. तो गेल्यावर लगेच एक साधा अर्ज लिहा. माझ्या पक्षकारांना मी हा मजकूर पाठ करून देते:

"मा. ठाणे अंमलदार यांस. आज दिनांक अमुक रोजी सकाळी अमुक वाजता आपले कर्मचारी (नाव, बक्कल नंबर) यांनी माझ्या घरी येऊन मला ठाण्यात हजर राहण्यास तोंडी सांगितले. मी तपासात सहकार्य करण्यास तयार आहे. मला कोणत्या गुन्ह्याच्या संदर्भात, साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून बोलावले आहे, हे कृपया लेखी कळवावे. लेखी सूचना मिळताच मी हजर राहीन."

दोन प्रती करा. एक ठाण्यात द्या, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर पोस्टात जाऊन तोच अर्ज स्पीड पोस्टानं ठाण्याला पाठवा आणि एक प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांना. पोस्टाच्या पावतीवर वेळ छापलेली असते. एका माणसाला मी त्या पावतीच्या जोरावर जामीन मिळवून दिला आहे. पोलीस म्हणत होते तो फरार होता, आणि पावती सांगत होती की तो त्याच दिवशी सकाळी ११:४० ला ठाण्यालाच पत्र पाठवत होता.

काही जणांना ठाण्यात जावंच लागत नाही, आणि हे गावोगाव कोणाला माहीत नसतं. साक्षीदार म्हणून चौकशी असेल तर कोणत्याही वयाची स्त्री, पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीच्या वरचा पुरुष, अपंग किंवा मनोरुग्ण व्यक्ती आणि गंभीर आजारी माणूस यांची विचारपूस त्यांच्या राहत्या घरीच व्हायला हवी. पूर्वी पुरुषांसाठी ही मर्यादा पासष्टची होती, नव्या संहितेत साठ झाली. त्यांची स्वतःची इच्छा असेल तर त्यांना ठाण्यात जाता येतं. पण इच्छा त्यांची हवी. "ताई, तुम्हीच या ना, साहेबांना वेळ नाही," याला इच्छा म्हणत नाहीत.

बायकांच्या बाबतीत मी इथे जरा थांबते, कारण हा नियम न पाळल्याची किंमत आमच्या विदर्भातल्या एका मुलीने मोजली आहे. २६ मार्च १९७२ ला देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीला तिच्या भावाच्याच तक्रारीवरून जबाबासाठी आणलं होतं. वय चौदा ते सोळा. रात्री साडेदहाच्या सुमारास बाकी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत ठेवून घेतलं. आत पोलिसाने तिच्यावर बलात्कार केला, असं तिने बाहेर येऊन सांगितलं. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क. १९७९ मध्ये चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, जास्त गंभीर गुन्हा झाला. अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचं, असं ठरलं.

मी ते निकालपत्र विद्यार्थी असताना पहिल्यांदा वाचलं आणि अजून दर वर्षी एकदा वाचते. त्या रात्री ठाण्याबाहेर तिची माणसं उभी होती. मला प्रत्येक वेळी बाबा आठवतात, डबा धरलेले.

तेव्हा: कोणत्याही बाईला एकटीला ठाण्यात पाठवू नका. बाकीच्यांनी बाहेर जा म्हटलं तर एक बाई दारात, तिच्या नजरेच्या टप्प्यात उभी राहिलीच पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आधी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. रात्री नऊला दारात आलेल्या पोलिसांना "परवानगीची प्रत दाखवा" एवढं एक वाक्य म्हणायला घरातल्या पोरीबाळींना शिकवून ठेवा. मुंबईच्या कोठड्यांतल्या बायकांची हालत पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली, त्यावर १९८३ मध्ये निकाल आला. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि तिथे महिला पोलिसांचा पहारा हवा, हे तेव्हापासूनचं आहे.

नोटीस रीतसर आली असेल तर मात्र जायचंच. घाबरून नातेवाइकांकडे निघून जाणं ही मी पाहिलेली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ३५(३) ची नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर अधिकाऱ्याला कारणं लिहावी लागतात. न पाळणाऱ्याच्या अटकेचा रस्ता तो स्वतःच मोकळा करतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, आधी गरज तपासा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावलं आहे. तुमची हजेरी हाच त्यातला तुमचा बचाव. जाताना सोबत एक माणूस, रोजच्या गोळ्या, चष्मा, नोटिशीची झेरॉक्स आणि ती वही. फाटकातून आत जाण्याआधी घरच्या दोन जणांना मेसेज करा: "१०:५० ला ठाण्यात पोचलो, अमुक साहेबांकडे." बाहेर पडल्यावर दुसरा मेसेज. आत ठाणे अंमलदाराला नम्रपणे सांगा, "साहेब, माझ्या येण्याची स्टेशन डायरीला नोंद घ्या." प्रत्येक ठाण्यात दिवसभराच्या घडामोडी त्या डायरीत क्रमाने नोंदवायच्या असतात. नोंद घेतली तर नंबर विचारून लिहून घ्या. नाही घेतली तर तेही वहीत लिहा.

जबाब देताना खरं तेच सांगा. पण जे उत्तर तुम्हालाच गुन्ह्यात अडकवेल ते द्यायला तुम्ही बांधील नाही. हा हक्क संविधानाच्या कलम २०(३) मधून येतो. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नाही, असं संहितेचं कलम १८१ सांगतं. तरी सही मागतात, अंगठा मागतात. "साहेब, जबाबावर सही लागत नाही असं वकीलबाईंनी सांगितलंय," म्हणा. माझ्यावर ढकला, मला चालतं. कोऱ्या कागदावर तर कशाही परिस्थितीत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात सहसा पुरावा म्हणून चालत नाही. हे माहीत असलं की दमदाटीपुढे माणूस जरा तग धरतो. आरोपी असाल तर चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क आहे, पूर्ण वेळ तो शेजारी बसेल असा नाही. मोबाईल घेतला तर जप्तीचा पंचनामा मागा.

आणि अटक झालीच तर? इथे थोडा इतिहास सांगते, कारण तो माहीत असला की मागणी करताना जीभ अडखळत नाही. संविधान सभेत कलम २१ ठरलं तेव्हा "कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती" एवढेच शब्द राहिले. कायदाच जुलमी असेल तर त्याला अडवणारं त्यात काही नाही, ही टीका झाली आणि ती खरी होती. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती उणीव काही अंशी भरून काढायला नवं कलम आणलं, तेच आजचं कलम २२. अटकेचं कारण सांगा, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्या, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे न्या. तो नियम फौजदारी कायद्यात आधीही होता, पण कायदा विधिमंडळ कधीही बदलू शकतं. बाबासाहेबांनी तो उचलून मूलभूत हक्कांत ठेवला. माझ्या भावाच्या दोन रात्री चोरल्या गेल्या, त्या याच कलमातून.

म्हणून चोवीस तास कधीपासून मोजायचे, हे नीट समजून घ्या. कागदावर अटकेची वेळ लिहिली तेव्हापासून नव्हे. तुम्हाला जाऊ दिलं जात नाही, त्या क्षणापासून. मुंबई उच्च न्यायालयाने सीमाशुल्क खात्याच्या एका जुन्या प्रकरणात हे साफ सांगितलंय: अधिकाऱ्याने त्याला काहीही नाव दिलं, तरी माणसाचं जाणं-येणं रोखलं की अटक सुरू झाली. प्रवासाचा वेळ तेवढा वगळतात. वहीतली नोंद, घरच्यांना केलेला मेसेज, स्पीड पोस्टाची पावती आणि ठाण्यातला सीसीटीव्ही, या चार गोष्टी तो क्षण सिद्ध करतात. प्रत्येक ठाण्यात कोठडीसह सीसीटीव्ही हवेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. ते चित्रीकरण जपून ठेवावं असा अर्ज पहिल्याच दिवशी कोर्टात द्या. उशीर केला तर ते पुसलं गेल्याचं उत्तर येतं.

अटकेच्या वेळी पंचनामा जागेवर व्हायला हवा. त्यावर घरच्या किंवा त्या भागातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, अटक झालेल्याची सही, आणि वेळ. नातेवाइकाला कळवणं बंधनकारक आहे. हे नियम आकाशातून पडले नाहीत. २६ ऑगस्ट १९८६ ला पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत करणाऱ्या संस्थेचे डी. के. बसू यांनी वर्तमानपत्रांतल्या कोठडी-मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र पाठवलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये अकरा सूचना दिल्या. पुढे त्यातल्या बऱ्याच कायद्यात आल्या. पत्राला दहा वर्षं लागली, पण अर्ज लिहून काय होतं असं विचारणाऱ्याला मी ते पत्र आठवून देते.

अटकेची कारणं आता लेखी मिळायला हवीत, तीही तुम्हाला कळेल अशा भाषेत. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर निदान कोर्टापुढे नेण्याच्या दोन तास आधी. नुसती कलमांची यादी म्हणजे कारण नव्हे. तुम्ही काय केलं असा आरोप आहे, ते त्यात हवं.

कोर्टात उभं केल्यावर न्यायाधीश विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार?" हा प्रश्न दोन सेकंदांत निघून जातो. माणूस मान हलवतो, आणि कागदावर लिहिलं जातं की तक्रार नाही. या दोन सेकंदांसाठी घरच्यांनी तयारी करून द्यायला हवी. मारलं असेल तर तिथेच सांगा, कुठे मारलं ते दाखवा, वैद्यकीय तपासणी मागा. परवापासून आत ठेवलं असेल तर "मला परवा संध्याकाळी सात वाजता घरून नेलंय" असं तारखेसह बोला. आमच्याकडे पारधी बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचा, एक तरुण आला होता. त्याने त्या क्षणी काहीच म्हटलं नाही. का, असं मी नंतर विचारलं. "बाई, आमच्यात हे चालतंच," तो म्हणाला. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्याच्या पणजोबांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पण गावात चोरी झाली की पहिली गाडी अजून बेड्यावरच जाते. त्या पोराला माझ्याहून जास्त कलमं ठाऊक होती, सगळी अंगावर शिकलेला. फक्त ती बोलून दाखवायची असतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. कोठडीतली व्यक्ती, कोणतीही स्त्री, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर आहे.

माणूस नेला, अटक दाखवली नाही आणि सोडलंही नाही, तर एक रात्रसुद्धा वाट बघू नका. आधी ११२ ला फोन, म्हणजे वेळेची नोंद होते. मग अधीक्षकांना अर्ज, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, आणि उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका (हेबियस कॉर्पस), म्हणजे अडकवलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा अशी मागणी. आमच्यासाठी ती नागपूरला. या याचिकेची किंमत ज्यांनी आणीबाणी पाहिली त्यांना विचारा. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची बाजू घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की आणीबाणीत हे दार बंद. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले, आणि पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं. बहुमतात न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा होता असं लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव होते. आज ते दार उघडं आहे, आणीबाणी लागली तरी कलम २१ स्थगित करता येत नाही.

फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कॅमेरा बंद करू नका" असं कोणी म्हणालं, तर फोन ठेवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला कळवा. अशी अटक कायद्यात नाही.

उलट बाजूने, तुमचीच तक्रार घेत नसतील तर ती लिहून अधीक्षकांना पाठवा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. कलम १७३(४) नेमकं हेच सांगतं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्याने तक्रार घ्यायला हवी. गुन्हा नोंदला की प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

आणखी एक काम आजच करून ठेवा. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: वकिलाचा नंबर, १५१००, ११२, अधीक्षक कार्यालयाचा नंबर, घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट आणि रोजच्या गोळ्या. खाली तो अर्जाचा मजकूर. हा कागद मोबाईलमध्ये ठेवून उपयोग नाही, मोबाईल आधी काढून घेतात. आमच्या घरी तो स्वयंपाकघरात दाराच्या मागे चिकटवला आहे, बाबांचा डबा जिथे टांगलेला असतो त्याच्या बाजूला. घरातल्या सगळ्यांत लहान पोराचाही हात पोचेल, एवढ्या उंचीवर.